सहा षटकं

१९८९चा नोव्हेंबर. आदिलाबाद जिल्ह्यातल्या उटनूरच्या शिवारात कापसाची वेचणी चालू होती. आमचा ट्रान्झिस्टर धुऱ्यावरच्या बाभळीला टांगलेला. कराचीत कसोटी रंगली होती आणि आमच्या बाबांपासून वेचणाऱ्या बायांपर्यंत सगळ्यांची एकच चौकशी: तो सोळा वर्षांचा पोरगा किती खेळला? सचिन १५ धावा करून वकार युनूसच्या चेंडूवर त्रिफळाचीत झाला.

मी मात्र दुसऱ्याच नावासाठी कान लावून होतो. सलील अंकोला. सोलापूरचा जन्म, महाराष्ट्राकडून पहिल्याच रणजी सामन्यात गुजरातविरुद्ध हॅट्ट्रिक. मी तेव्हा सतरा वर्षांचा, गावात सगळ्यांत वेगानं टाकणारा. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात गोंडी. पण यॉर्करला तिन्हीकडे यॉर्करच म्हणायचे.

अंकोलाला त्या कसोटीत दोन बळी मिळाले. मग दुखापत झाली, आणि कसोटीत तो पुन्हा दिसला नाही.

पुढच्या हिवाळ्यात आदिलाबादला मला सीझन बॉलचा पहिला सामना मिळाला. महिनाभर कंबर दुखत होती. सांगितलं तर संघातून काढतील म्हणून घरीही बोललो नाही. रात्री तिळाचं तेल चोळायचं, पहाटे उठून पळायचं. चौथ्या षटकात यष्टी उडवली. सहाव्यात पाय टेकला तशी कमरेत कळ गेली आणि मी खेळपट्टीवरच बसलो. गुडीहतनूर, इंद्रवेल्ली करत आरटीसीच्या बसमधून उटनूरपर्यंत उभ्यानं आलो, बसवतच नव्हतं. सीझन बॉल पुन्हा हातात आला नाही.

अंकोला २० एकदिवसीय सामने खेळला, १९९६च्या विश्वचषकातही होता. पुढे डाव्या नडगीच्या हाडात गाठ निघाली आणि अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचं खेळणं थांबलं. नंतर तो टीव्ही मालिकांत दिसला, २०२३मध्ये राष्ट्रीय निवड समितीवर आला. त्याच्या हाडातली गाठ कुणाच्या हातात नव्हती. माझी कंबर माझ्या हातात होती.

आता संध्याकाळी मी गावातल्या पोरांना गोलंदाजी शिकवतो. आधी विचारतो, कुठं दुखतंय का? सगळे म्हणतात, "कुठंच नाही, सर." मीही हेच म्हणालो असतो. म्हणून मी उत्तर ऐकत नाही, पाय कसा टेकतो ते बघतो. तुमच्या घरात असा पोरगा असेल, तर तो लंगडताना दिसेल त्याच दिवशी त्याच्या हातातून चेंडू काढून घ्या. रुसेल चार दिवस. रुसू द्या.