बर्फात गेलेली नळी

कामरगावात रक्ताचे नमुने गोळा करायचं काम सुरू करून मला तीनच महिने झाले होते. डेंगीच्या दिवसांत इथं जो तो ‘पेशी किती आल्या?’ एवढंच विचारतो. मलाही पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, फक्त तो आकडा वाटायच्या.

मग चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन तिची आई आली. ‘भाऊ, हिचा घोळणा फुटला की लवकर थांबतच नाही. पाळीतही लय रक्त जाते.’ पेशी मोजल्या तर 2 लाख 80 हजार, अगदी ठीक. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं : प्लेटलेट फंक्शन. म्हणजे पेशी किती, ते नाही, त्या काम कसं करतात, ते तपासायचं.

निळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं, बर्फाच्या डब्यात नीट ठेवलं आणि नागपूरला पाठवलं. संध्याकाळी फोन आला, नमुना चालणार नाही. मला काही कळेना. थंड ठेवलं म्हणजे जपलं, हेच तर माझ्या डोक्यात होतं!

पुढच्या आठवड्यात मायलेकींना घेऊन मीच नागपूरला गेलो. तिथल्या मॅडमनी दोन नळ्या उजेडात धरल्या. दोन्हींत प्लेटलेट्स असलेला पिवळसर प्लाझ्मा. एक नळी हलवली की आत धुरासारख्या लकेरी फिरायच्या. फ्रीजमधून काढलेलीत काहीच नाही, नुसता गढूळपणा. ‘चपट्या प्लेटलेट्स उजेडात अशा चमकतात. गारठ्यानं त्या गोल होतात, काटे काढतात, यंत्रात घालण्याआधीच चेतवल्या जातात,’ मॅडम म्हणाल्या. यंत्र म्हणजे गुस्टाव्ह बॉर्न यांची 1962 सालची युक्ती : प्लाझ्मात प्लेटलेट्सना चेतवणारं एडीपी किंवा कोलॅजेन टाकायचं, प्लेटलेट्स एकमेकींना चिकटल्या की द्रव निवळतो, प्रकाश जास्त आरपार जातो. इथं त्या जिवंत असाव्या लागतात. म्हणून नमुना खोलीच्या तापमानाला ठेवायचा आणि रक्त काढल्यापासून 4 तासांत तपासायचा. कामरगावहून धक्के खात आलेली नळी त्यात कुठून बसणार? सुई नीट न लागता खेचलेलं रक्त, नळी जोरात हलवणं, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटचं रक्ताशी 1:9 प्रमाण चुकणं, यातल्या कशानंही यंत्राचा आलेख बिघडतो. माझी नळी तर अर्धीच भरलेली होती.

मग मॅडमनी विचारलं, ‘गोळी काही घेतली?’

आई म्हणाली, ‘काल रात्री पोट दुखत होतं, मेफेनॅमिकची दिली.’

त्या दिवशी रक्त घेतलंच नाही. या गोळीनं प्लेटलेट्स काही काळ मंदावतात. ॲस्पिरिननं तर त्या मरेपर्यंत, म्हणजे 7 ते 10 दिवस. निरोगी मुलीचाही आलेख आजारी दिसला असता. मी रक्त काढताना हा प्रश्न विचारलाच नव्हता, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. दोष आढळला तर पुढं मुंबईला, केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय रोगप्रतिकार रक्तविज्ञान संस्थेकडे पाठवू, असंही मॅडम म्हणाल्या.

परतीच्या गाडीत मुलगी खिडकीशी झोपली. आईनं विचारलं, ‘भाऊ, मग दुखलं तर काय द्यायचं?’ मॅडमना विचारून ठेवलं होतं : पॅरासिटामॉल चालेल. त्यांच्या घरी जाऊन मी कॅलेंडरवर दहा चौकटींत पेन्सिलीनं खुणा केल्या आणि अकराव्या चौकटीत नागपूर लिहिलं.