एक वाजताची मालिका

आर. माधवन कोल्हापुरात परका नट नाही. जमशेदपूरला वाढलेला हा तमिळ मुलगा राजाराम कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकला, इथंच त्यानं व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग घेतले आणि वर्गातल्याच एका विद्यार्थिनीशी पुढं संसार थाटला. त्यामुळं त्याचा कुठलाही चित्रपट आला की आमच्याकडं तो 'आपल्या मॅडीचा' असतो.

मार्च २००९ मध्ये विक्रम कुमारनं एकच भयपट दोन भाषांत आणला. हिंदीत '१३बी', तमिळमध्ये 'यावरुम नलम'. हिंदी आम्ही घरी बघितला, दचकायच्या जागी दचकलो आणि विसरलो. तमिळ बघायचा योग आला तो शेजाऱ्यांमुळं. बदलीवर आलेलं बँकेतलं तमिळ कुटुंब होतं ते. वहिनी सीडी घेऊन आल्या आणि भारनियमनाची वेळ चुकवून आम्ही सगळे आमच्या हॉलमध्ये बसलो. आज्जीसुद्धा.

गोष्ट साधी आहे. एकत्र कुटुंब कर्ज काढून तेराव्या मजल्यावर नवा फ्लॅट घेतं. घरातल्या बायका दुपारी एक वाजता एक मालिका बघायला लागतात आणि मालिकेत घडेल ते या घरात घडायला लागतं. लिफ्ट एकट्या मनोहरसाठी, म्हणजे माधवनसाठी, चालत नाही. घरात मोबाइलवर काढलेला त्याचा फोटो वेडावाकडा येतो. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला आपला मॅडी टीव्ही, लिफ्ट आणि मोबाइलपुढं हात टेकतो, हे बघून काकांना हसू फुटलं.

आज्जीला तमिळ कळत नव्हतं, हिंदीही जेमतेम. वहिनी मोडक्या हिंदीत सांगू लागल्या, तर तिनं हातानंच थांबवलं. तिला सगळं दिसत होतं. दूध नासलं तशी ती सावरून बसली. देवघरात तसबिरीसाठी खिळा ठोकला जाईना, तेव्हा म्हणाली, "देव बसंना त्या घरात. वास्तुशांत केली न्हाई वाटतं." हिंदी बघताना आम्ही संवाद ऐकत होतो. आता ऐकण्यासारखं काही कळत नसल्यामुळं पी. सी. श्रीराम यांचा कॅमेरा ज्या कोपऱ्यात थांबे, तिथं आमचीही नजर थांबायची. दिवाणखाना, स्वयंपाकघर, बंद दार. आमच्या फ्लॅटचाही नकाशा असाच होता.

मग सचिन खेडेकर डॉक्टर म्हणून आले आणि आज्जीला हायसं वाटलं. "ह्यो आपला माणूस हाय. ह्यो काय वंगाळ करायचा न्हाई." तिचा अंदाज कितपत खरा ठरला ते सांगत नाही, बघणाऱ्याची मजा जाईल.

अमावास्येला तिकटीवर उतारा दिसला की वळसा घालून जाणारी आम्ही माणसं. भूत म्हटलं की पिंपळ, पडका वाडा, ओसाड विहीर, नाहीतर रामसे बंधूंची हवेली. म्हणजे भीती राहणार गावाबाहेर, घर सुरक्षित. या चित्रपटानं तो हिशेब मोडला. पेठेतला जुना वाडा सोडून आम्ही लिफ्टच्या इमारतीत आलो, तेव्हा भुताखेतांच्या गोष्टी मागं राहिल्या असं वाटलं होतं. इथं तर भूत रोजच्या मालिकेतून, जेवणानंतरच्या निवांत वेळेत घरात शिरत होतं. आणि ते कुणाला खायला आलेलं नव्हतं. १९७७ साली त्याच जागेवरच्या घरात एक अख्खं कुटुंब मारलं गेलं होतं, त्याला आपली हकीकत सांगायची होती.

चित्रपट संपल्यावर काकी म्हणाल्या, "उद्यापासून दुपारचा टीव्ही बंद."

आज्जीला ते पटलं नाही. "का म्हणून? त्यास्नी कुणी इचारलंच न्हाई, म्हणून टीव्हीत आली बिचारी. वंगाळ केलं ते जित्या माणसानं."

काकांना अख्ख्या चित्रपटात लिफ्ट दिसली होती, मला कॅमेरा. मेलेल्यांची बाजू तेवढी आज्जीनं ऐकली होती. हिंदी आवृत्ती सहज समजते, तरी मी कुणालाही तमिळच सुचवतो. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला शेजारी घेऊन बघा म्हणतो. त्याच्या डोळ्यांनी बघितलं की भूत कमी दिसतं आणि अन्याय जास्त.