वाटणी

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा गवती चहाचा ठोंब आमच्या वाट्याला आला. कागदावर त्याचा उल्लेख नव्हता. मालवण तालुक्यातल्या आमच्या घरामागे, न्हाणीचं पाणी वाहून जातं तिथे, आजीनं तो कधीतरी लावला होता. आजी गेली, बाबा आणि काकांनी घर निम्मं-निम्मं केलं, परसात चिऱ्यांचा गडगा उभा राहिला आणि ठोंब गडग्याच्या अलीकडे राहिला. इतकंच. पण त्यानंतर सहा वर्षं आई आणि काकी एकमेकींशी बोलल्या नाहीत. भांडण आजीच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवरून सुरू झालं होतं. मग त्यात आणखी काय काय मिसळलं, ते आता दोघींनाही धड सांगता येत नाही.

आमचं घर वर्षातून दोनदा उघडतं, चतुर्थीला आणि शिमग्याला. गेल्या वर्षी मात्र मी जूनमध्ये एकटीच गेले. कौलं गळत होती आणि माझं काम लॅपटॉपवर कुठूनही होतं. पहिल्या सकाळी चहासाठी पाती कापायला परसात गेले, तर ठोंबाची अवस्था वाईट. कडेनं हिरवी पाती, पण मध्ये टक्कल पडल्यासारखी वाळकी, लाकडासारखी खुंटं. मी तिथेच उभी राहून फोनवर रोग शोधायला लागले.

"मेलेला नाय ता, गो. दाटलेला आसा."

गडग्यापलीकडे काकी उभी होती. एरवी चतुर्थीला ती माझ्याशी "बरी आसस मां?" एवढंच बोलायची.

"तेका वाटूक होया," ती म्हणाली. "तीन-चार वर्सांनी वाटूकच होया. तुझी आजी वाटायची."

मग ती कोयती घेऊन गडग्याला वळसा घालून आली. सहा वर्षांत पहिल्यांदाच आमच्या बाजूला.

मृगाचे दोन पाऊस होऊन माती मऊ झाली होती. काकीनं आधी सगळी पाती वीतभर ठेवून छाटायला लावली. मुळं तुटली की रोपाला पाणी कमी मिळतं, मग एवढ्या पात्यांचं ओझं ते पेलणार कसं? पात्यांच्या धारेनं माझे हात चिरले. मग चारी बाजूंनी कुदळीनं खणून ठोंब उपसला. केवढा जड! माती झटकल्यावर दिसलं की नवे फुटवे दरवर्षी बाहेरच्या बाजूला येत गेले होते आणि मधल्या जुन्या खोडांना जागाच उरली नव्हती. काकीनं कोयतीनं त्याचे चार तुकडे केले. पुढचं काम हातानं. मुळं असलेले दोन-तीन फुटवे एकत्र राहतील असे वेगळे करायचे. मधला वाळका भाग तिनं माडाच्या आळ्यात टाकला.

मोजले तर एकोणीस ठोंब निघाले.

आमच्या परसातलं अर्धं जग असंच वाढतं. केळीचे मुनवे, हळदीचे गड्डे, अळू, कर्दळ. बी पेरायचं नाही, असलेल्यातलंच काढून द्यायचं. गवती चहाला फुलं क्वचितच येतात आणि बी जवळजवळ धरतच नाही. म्हणजे हा ठोंब वाऱ्यानं किंवा पक्ष्यानं कुठेही जाणार नाही. कुणीतरी खणून दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो. वाळ्याचंही तसंच. भारताबाहेर बांधांवर माती धरायला लावलेल्या वाळ्याचे नमुने १९९० च्या दशकात डीएनएनं तपासले, तेव्हा देशोदेशीचा बराचसा वाळा एकाच मूळ रोपाचा निघाला. माणसं तोच ठोंब वाटत जगभर गेली होती. त्या हिशेबानं माझ्या हातातले एकोणीसच्या एकोणीस ठोंब म्हणजे आजीनं लावलेलं तेच रोप होतं. त्यातला कुठला खरा आणि कुठला वाट्याला आलेला, असा प्रश्नच नाही.

उतारावर दोन-दोन फुटांवर आम्ही खड्डे घेतले. पाणी साचलं तर मुळं कुजतात, म्हणून उतार. आधी जेवढा मातीत होता तेवढाच खोल पुरायचा. बारा लावून झाले. चार मी काकीपुढे धरले. ती थांबली.

"तुझ्या आवशीक विचारलंस?"

"आजीचे आहेत," मी म्हटलं.

तिनं ते पदरात घेतले आणि काही न बोलता गडग्यापलीकडे गेली.

उरलेले तीन ओल्या गोणपाटात गुंडाळून मी कुडाळहून रात्रीची गाडी पकडली. डोंबिवलीत गॅलरीतल्या कुंडीत लावले. आठवडाभर नुसती पिवळी खुंटं. आई रोज पाणी घालायची. मग एका सकाळी मधून कोवळं पातं वर आलं.

"कुणी वाटले?" तिनं विचारलं. तिला माहीत होतं, हे मला एकटीला जमणारं नाही.

"काकीनं. चार तिलाही दिले."

आई आत निघून गेली. ऑगस्टमध्ये आम्ही पहिली पाती कापून चहा केला. कप हातात घेऊन ती म्हणाली, "तिच्याकडचे जगले का?"

मी काकीला व्हॉट्सॲप केलं. संध्याकाळी फोटो आला. गडग्याच्या पलीकडे चार हिरवे झुबके. आईनं चष्मा लावला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिली.

"फार जवळ लावलेत," ती म्हणाली. "सांग तिला, लवकर वाटावे लागतील."