खुलासा कुणाला हवा होता?

मी बातम्यांच्या एका ॲपवर काम करतो. बटण दाबलं की काही सेकंदांत हजारो फोन वाजतात. चुकीची बातमी गेली तर आम्ही दुरुस्तीही पाठवतो. ती फार कमी लोक उघडतात. अशा वेळी मला दोहा आठवतं.

२४ मे २०१७. कतारच्या सरकारी वृत्तसंस्थेची वेबसाइट हॅक झाली आणि अमीर शेख तमीम यांच्या नावावर इराणची बाजू घेणारी विधानं झळकली. कतारने खुलासा केला, तरी सौदी आणि अमिरातीतल्या वाहिन्या तीच विधानं चालवत राहिल्या. ५ जूनला सौदी, अमिराती, बहारीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले. जमिनीवरची एकमेव सीमा बंद झाली.

दादा तेव्हा दोह्यात नोकरीला होता. आई रोज फोनवर विचारायची, "दूध मिळतंय का रे?"

मी इंजिनिअरिंगला होतो. वाटायचं, सर्व्हर नीट सांभाळला असता तर हे टळलं असतं. आता तसं वाटत नाही. भांडण जुनंच होतं. २०१४ मध्येही तीन शेजाऱ्यांनी राजदूत परत बोलावले होते. खोट्या बातमीने निमित्त पुरवलं. पुढे आलेल्या १३ मागण्यांपैकी एक होती, 'अल जझीरा' बंद करा.

जानेवारी २०२१ मध्ये समेट झाला. 'अल जझीरा' चालूच आहे. हॅकिंगपासून वाचायचे उपाय मला माहीत आहेत. पण खुलासा समोर असूनही ज्याला तो नकोच असतो, त्याच्यासाठी मी कोणता कोड लिहू?