टेबल तिथलं, बिल्डिंग इथली!

आम्सटरडॅमला गेलात की कालवे, सायकली, व्हॅन गॉग हे सगळं होतंच. पण आपण पडलो ऑफिसवाले! म्हणून झौदास या बिझनेस एरियातली ‘द एज’ बाहेरून का होईना, बघाच. दक्षिणेच्या भिंतीवर सोलर पॅनल, उत्तरेला १५ मजली काचेचं एट्रियम. म्हणजे ऊन बाहेर, उजेड आत. उन्हाळ्यातली उष्णता जमिनीखालच्या पाण्यात साठवून थंडीत वापरायची. पावसाचं पाणी टॉयलेटला.

खरी गंमत वेगळीच. ‘डेलॉइट’ इथे आली तेव्हा माणसं अडीच हजार, टेबलं हजार! रोज सकाळी अ‍ॅप वेळापत्रक बघून जागा सुचवणार, सामान लॉकरमध्ये. गर्दी कमी असेल त्या दिवशी अख्खा भागच बंद.

जागा वाचली, वीज वाचली, मान्य. पण ड्रॉवरमधला चिवडा? मॉनिटरला चिकटवलेला गणपती? शिवाय कोण कुठे बसलंय, हे अ‍ॅपला ठाऊक!

याच देशात, आपेलडोर्नला, हर्मन हर्ट्झबर्गर या आर्किटेक्टने १९७२ मध्ये एका विमा कंपनीचं ऑफिस मुद्दाम अर्धवट सोडलं होतं. कर्मचाऱ्यांनी झाडं, पोस्टर्स आणून आपापला कोपरा सजवावा म्हणून. आपल्याला विचाराल तर बिल्डिंग ‘द एज’ची द्या, टेबल मात्र आपेलडोर्नचं.