ग्लेंडा जॅक्सनचे म्हातारपण

1971 साली बीबीसीने 'एलिझाबेथ आर' ही सहा भागांची मालिका दाखवली, तेव्हा ग्लेंडा जॅक्सन 34 वर्षांची होती. पहिली एलिझाबेथ राणी तिने तरुण राजकन्येपासून थेट मृत्यूपर्यंत उभी केली. राणीच्या रुंद कपाळासाठी तिने डोक्याचा पुढचा भाग भादरून घेतला. नट्या सहसा वय चोरतात. ही बाई ते उधळीत होती. तरीही आम्हांला त्या भूमिकेतले म्हातारपण काहीसे राजेशाही वाटते. राणी थकते, पण गोंधळत नाही.

बर्कनहेडच्या गवंड्याची ही मुलगी. शाळा सुटल्यावर दोन वर्षे तिने 'बूट्स'च्या औषधांच्या दुकानात नोकरी केली. मग राडा ही नाट्यशाळा, पीटर ब्रूकचे 'मारा/साद', आणि 'विमेन इन लव्ह' (1969) व 'अ टच ऑफ क्लास' (1973) या चित्रपटांसाठी दोन ऑस्कर. दोन्ही वेळा ती पारितोषिक घ्यायला गेली नाही.

1992 साली ती मजूर पक्षातर्फे लंडनमधून खासदार झाली आणि 2015 पर्यंत खासदारच राहिली. 2010 ची निवडणूक तर तिने अवघ्या 42 मतांनी जिंकली. या 23 वर्षांना तिच्या अभिनयातली पोकळी म्हणण्याची पद्धत आहे. आम्हांला ते पटत नाही. एप्रिल 2013 मध्ये मार्गारेट थॅचर यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी सभागृह जमले असता, समोरच्या बाकांवरून आरडाओरडा होत असतानाही, थॅचर यांच्या धोरणांनी गरिबांचे काय केले ते तिने सुनावले. (औचित्याचा प्रश्न ज्यांना पडतो त्यांना पडो.) तो आवाज रंगभूमीवर कमावलेला होता, आणि त्यातला संताप मुळीच नाटकी नव्हता.

लेखकांना स्त्रियांविषयी, त्यातही वयस्क स्त्रियांविषयी, कुतूहल नाही ही तिची जुनी तक्रार. परतली तेव्हा तिने पुरुषाचीच भूमिका घेतली: 2016 साली, ऐंशीव्या वर्षी, 'ओल्ड व्हिक'मध्ये लिअर. पण आमच्या मते तिचे सर्वोत्तम काम त्यानंतर दूरचित्रवाणीवरच झाले. एमा हीलीच्या कादंबरीवरून बीबीसीने 2019 साली केलेल्या 'एलिझाबेथ इज मिसिंग'मध्ये ती मॉड झाली आहे. मॉडची स्मृती झिजत चालली आहे. ती खिशात चिठ्ठ्या बाळगते. आपली मैत्रीण एलिझाबेथ हरवली आहे हे ज्याला त्याला सांगत सुटते, आणि त्या शोधात सत्तर वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या सख्ख्या बहिणीचा शोध मिसळत जातो.

आमच्या आजीला शेवटची काही वर्षे घरातली माणसे ओळखू येत नसत. पाहुणे हळहळत, 'बिचारी' म्हणत. आम्हां घरच्यांना मात्र दिसे तो तिचा राग. आपण खरे बोलतो आहोत आणि कोणी ऐकत नाही, हा राग. पडद्यावर विस्मरणाची करुणा आम्ही पुष्कळदा पाहिली आहे; हा राग मात्र मॉडपाशीच दिसला. तिला पोलीस चौकीत, लेकीच्या घरात समजूत घालून गप्प केले जाते, आणि ती गप्प बसत नाही. चेहऱ्यावर राणीचा पांढरा लेप नाही, सुरकुत्या स्वतःच्या आहेत. मॉडची शंका पुढे खरी ठरते, पण तोवर तिला स्वतःलाच ते धड आठवत नसते. 2023 च्या जूनमध्ये ग्लेंडा गेली, तेव्हा आम्ही तो चित्रपट पुन्हा लावला. आजीसोबत राहिलेली आमची आई अर्ध्यावरच उठून आत गेली.