गढूळ मिक्स आणि दहा बाय दहाची खोली

घरच्या स्टुडिओतलं मिक्स गढूळ झालं की दोष सॉफ्टवेअरला नाही तर स्वस्त माइकला दिला जातो. पुष्कळदा तो खोलीचा असतो. दहा बाय दहाची खोली या कामाला फारच गैरसोयीची. लांबी-रुंदी सारखीच, त्यामुळे समोरासमोरच्या दोन्ही भिंतजोड्यांमध्ये एकच, सुमारे ५६ हर्ट्‌झचा खर्ज घुमतो. भिंतीलगत तो फुगतो, खोलीच्या मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो. मधोमध खुर्ची टाकून बसलेल्याला डग्गा कमी वाटतो, म्हणून तो वाढवला जातो. तेच गाणं गाडीत लावलं की डग्ग्यापुढे दुसरं काही ऐकू येत नाही. खुर्ची मध्यापासून हलवणं हा यावरचा बिनखर्चाचा उपाय. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची हौस मात्र व्यर्थ आहे. खर्ज आवरायला कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड थरच लागतात.

खोलीनंतर प्रश्न येतो वाद्यांच्या गर्दीचा. साधा अभंग घेतला तरी त्यात गळा, पेटी, तबला, तानपुरा आणि टाळ असतात. पेटी गायकामागोमाग तेच स्वर वाजवते, त्यामुळे दोघांची गाठ एकाच पट्ट्यात पडते. एक आवाज जवळपासच्या दुसऱ्याला झाकतो, आणि खालचा आवाज वरच्याला जास्त झाकतो. अशा वेळी नवशिक्याचा हात गळ्याचा फेडर वर सरकवण्याकडे जातो. मग पेटी वर, मग तबला वर, आणि शेवटी सगळंच लाल दिव्यात. खरं तर काढून टाकण्यानं जास्त साधतं. पेटीचा ३०० हर्ट्‌झच्या आसपासचा भाग दोन-तीन डेसिबलनं उतरवावा, तिला किंचित एका बाजूला बसवावं. गळ्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्‌झखाली बहुधा पंख्याची घरघर आणि पावलांचे धक्केच असतात. ते गाळल्यानं गाण्याचं काही बिघडत नाही. टाळ वरच्या पट्टीत ‘स’, ‘श’, ‘च’ या व्यंजनांवर चढून बसतात, तेव्हा त्यांना मागे ठेवणं भाग आहे. रिव्हर्बचंही तेच: अभंगात शब्द विरघळवणारा रिव्हर्ब कितीही गोड वाटला तरी चूकच.

आवाज किती मोठा ठेवून ऐकायचं, यालाही महत्त्व आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं, की आवाज लहान असताना कानाला खर्ज कमी जाणवतो आणि आवाज वाढला की तो भरल्यासारखा वाटतो. म्हणूनच मोठ्यानं ऐकलेलं मिक्स फसवं असतं. बोलण्याइतक्या पातळीवर प्रत्येक शब्द कळला, तरच मिक्स जमलं.

शेवटची तपासणी मोनोत. तबल्याला दोन माइक लावले असतील तर डग्ग्याचा आवाज दोन्हींत वेगवेगळ्या वेळी पोचतो. दोन्ही ट्रॅक एकत्र आले की तो पोकळ होऊ शकतो. अशा वेळी इक्वलायझरनं खर्ज चढवू नये. आधी एका ट्रॅकची फेज उलटी करून पाहावी. तेवढ्यानं भागलं नाही, तर एक ट्रॅक किंचित सरकवावा.